स्विमिंग पूल हिरवा पडेल या भीतीचं बिल

निवृत्तीनंतर गावाबाहेर बंगला बांधलेल्या कुटुंबांकडून एक प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. स्विमिंग पूल हौसेनं बांधला, पण आता विजेचं बिल आणि देखभाल झेपत नाही. पंप बंद ठेवला तर पाणी हिरवं होतं, चालू ठेवला तर पेन्शन पुरत नाही. काय करायचं? मी कुटुंबांचं आर्थिक समुपदेशन करते. या प्रश्नात पैसा जेवढा असतो, तेवढंच न बोललेलं काहीतरी असतं. म्हणून इथे एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे मात्र त्यांच्याच वहीतले आहेत.

काका-काकू पुण्याचे, दोघंही सत्तरीच्या आसपास. लोणावळ्याच्या पट्ट्यात त्यांचा छोटा बंगला. काकांचं लहानपण गावच्या विहिरीत पोहण्यात गेलं, त्यामुळे नातवंडांसाठी पूल हवाच हा त्यांचा आग्रह. नातवंडं परदेशात. वर्षाला दोन-तीन आठवडे येतात, एरवी हे दोघं महिन्यातून दोन शनिवार-रविवार जातात. बाकीचे दिवस बंगला सांभाळतात तिथले मामा. मामा रोज सकाळी निळ्याशार पाण्याचा फोटो पाठवतात, काका तो मित्रांच्या ग्रुपवर टाकतात.

काकू पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "ताई, बिलाचा मेसेज आला की यांचा चेहरा पडतो. मी विषय काढला की आवाज चढतो. मग आठवडाभर कुणी कुणाशी नीट बोलत नाही." बिल काकांच्या खात्यातून परस्पर कापलं जायचं. वीस हजारांच्या घरात जाणाऱ्या त्या बिलासाठी काकांनी एक ठेव मोडली होती आणि ते काकूंना कळलं बँकेच्या पासबुकातून. दुखलं ते तिथे. विजेचा दर वाढला म्हणून त्या माझ्याकडे आल्या नव्हत्या.

तरीही मी सुरुवात बिलापासूनच केली. नात्याच्या गाठीला लगेच हात घातला तर माणसं बचावाच्या पवित्र्यात जातात. आकडे समोर ठेवले की दोघांची नजर एकाच कागदावर येते. मी दोघांना वर्षभराची बिलं, पंपावरच्या पट्टीचा फोटो आणि पूलचं माप घेऊन यायला सांगितलं.

पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली १.३ मीटर. म्हणजे साधारण ४१,६०० लिटर पाणी. फिल्टरचा पंप दीड एचपीचा, चालू असताना साधारण १.४ किलोवॅट वीज ओढणारा. "किती तास चालतो?" मी विचारलं. काका म्हणाले, "गरजेपुरता." मामांना फोन लावला, तर ते म्हणाले, "रात्री चार तास बंद ठेवतो, बाकी चालूच. साहेब म्हणाले होते, पाणी हिरवं दिसता कामा नये."

वीस तास रोज. दिवसाला २८ युनिट, महिन्याला ८४०. पाण्याखालचे शंभर-शंभर वॅटचे दोन हॅलोजन दिवे रात्रभर चालू, त्यांचे ६०. फ्रीज, मामांची खोली, बोअरचा पंप, बाहेरचे दिवे मिळून २२०. बेरीज झाली ११२०. काकूंनी ती बेरीज पुन्हा करून पाहिली. मग बिलाशी ताडून पाहिली. जुळली.

आता त्या पंपाचं काम काय, ते पाहू. तो तासाला साधारण १४ हजार लिटर पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरवतो. म्हणजे तीन तासांत अख्ख्या पूलचं पाणी एकदा फिल्टरमधून जातं. घरगुती पूलला, त्यातही रोज वापर नसलेल्या, दिवसातून दोनदा पाणी फिरलं तरी पुरतं. म्हणजे सहा तास. हे मी त्यांच्या पूलचं काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडूनही तपासून घेतलं, कारण पाइपांची रचना आणि फिल्टरची क्षमता प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. मोठ्या उन्हात किंवा पाहुणे असताना तास वाढवायचे, हेही त्याने सांगितलं. पंपाला टायमर बसवला, हॅलोजनच्या जागी १२ व्होल्टचे एलईडी आले आणि तेही माणसं असतील तेव्हाच लावायचे असं ठरलं.

महावितरणच्या घरगुती बिलाची रचना इथे नीट समजून घ्यायला हवी. पहिली १०० युनिटं स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर सगळ्यात महाग टप्पा. वर स्थिर आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च) आणि १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे वापर कमी केला की आधी महागड्या टप्प्यातली युनिटं गळतात. काका-काकूंचा वापर ११२० वरून पावणेपाचशेच्या आसपास आला. युनिटं निम्म्याहून थोडी जास्त कमी झाली, पण बिल वीस हजारांवरून सातेक हजारांवर आलं. काकांना हे पटायला वेळ लागला. "एवढ्याशा टायमरनं?" असं ते दोनदा म्हणाले. मीटर टीओडी प्रकारचा, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारा असेल तर दिवसा ९ ते ५ या वेळातल्या वापरावर घरगुती ग्राहकाला सवलत मिळते. म्हणून सहा तास त्याच वेळात ठेवले.

पंपावरून एक प्रश्न हमखास येतो: बदलता वेग असणारा पंप घ्यावा का? तो खरंच वीज वाचवतो. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती साधारण एक-अष्टमांशावर येते. तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट वेळ धरला, तरी वीज साधारण चौथा हिस्साच लागते. पण चालू पंप काढून टाकून महागडा आणण्यापेक्षा आधी तास कमी करावेत, आणि सध्याची मोटर जळेल तेव्हा तो पंप घ्यावा, असं माझं मत. सोलरचंही तसंच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे आणि ३ किलोवॅटचा संच दिवसाला साधारण बारा युनिटं देतो. पण वापर आटोक्यात आणल्यावरच संच किती मोठा हवा ते ठरवा. वाया जाणाऱ्या विजेसाठी सोलर पॅनेल बसवणं मला कधीच पटलेलं नाही.

विजेचं निस्तरल्यावर पाणी समोर आलं. महिन्याला दोन-तीन टँकर येत होते. काकांना खात्री होती की पूल गळतोय आणि आता टाइल्स उखडाव्या लागणार. टाइल्सला हात लावण्याआधी बादलीची चाचणी करायला सांगितली. पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीच्या आतली आणि बाहेरची पातळी खडूने आखायची, पंप बंद ठेवून चोवीस तास थांबायचं. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर ते बाष्पीभवन. बाहेरची जास्त उतरली तर गळती. इथे दोन्ही सारख्या उतरल्या. मग पाणी कुठे जातंय? मामा रोज बॅकवॉश करत होते, म्हणजे फिल्टरमधून उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धूत होते. तीन मिनिटांचा एक बॅकवॉश म्हणजे सातशे लिटर पाणी गटारात, महिन्याला एकवीस हजार लिटर. त्यांना कुणीतरी "रोज धुवा" असं सांगितलं होतं आणि त्यांनी इमानेइतबारे केलं. फिल्टरवर प्रेशर गेज असतो. वाळू स्वच्छ असताना काटा जिथे असतो, त्याच्यावर साधारण अर्धा बार (बार हे दाबाचं माप) चढला की बॅकवॉश करायचा, एरवी नाही. पुढच्या महिन्यात एकच टँकर लागला.

रसायनांतही असाच हिशेब निघाला. मामा क्लोरीन सकाळी टाकत आणि दुपारपर्यंत ऊन ते संपवून टाके. ते संध्याकाळी टाकायचं. पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) ७.२ ते ७.६ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग), एवढं तपासायला साधा टेस्ट किट पुरतो. पीएच वर गेला की क्लोरीन पाण्यात असूनही नीट काम करत नाही. मग माणूस आणखी क्लोरीन ओततो आणि खर्च वाढतो. एक गोष्ट मात्र मी तिघांनाही पुन्हापुन्हा सांगितली: क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंगसारखी पावडर कधीही एका डब्यात, एका मगात एकत्र करायची नाही. त्यातून आग लागते, स्फोट होतो. पैसे वाचवण्याच्या नादात उरलंसुरलं एकत्र करणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि दोन खर्च कापायचे नाहीत. एक, विजेची सुरक्षा: अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) दर वर्षी तपासून घ्यायचा. दुसरा, मामांचा पगार. काकूंच्या पहिल्या यादीत मामांचा पगार कमी करण्याचा विचार होता. मी स्पष्ट विरोध केला. मामांनी सांगितलेलं केलं होतं. सांगणाऱ्यांनी कधी नीट सांगितलंच नव्हतं. आता मामा रोजच्या फोटोऐवजी आठवड्यातून एकदा तीन फोटो पाठवतात: मीटरचं रीडिंग, प्रेशर गेज आणि पाण्याची पातळी. काकांना सुरुवातीला ते आवडलं नाही.

तिथे खरी गोष्ट बाहेर आली. "रोज निळं पाणी दिसलं की वाटतं, मुलं कधीही येतील, सगळं तयार आहे," काका म्हणाले. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की हा मित्रांसमोरचा मोठेपणा आहे. वीस तासांचा तो पंप काका मुलांची वाट पाहत चालवत होते. त्या दिवशी आम्ही आकड्यांना हात लावला नाही. मुलांना हे कधी सांगितलंय का, एवढं मी विचारलं. नव्हतं सांगितलं. उलट, खर्चाचं सगळं ठीक आहे असंच दोघं फोनवर सांगत आले होते. मुलगा दरवर्षी विचारायचा, "बाबा, बंगल्याचं काही पाठवू का?" आणि काका "काही नको" म्हणायचे.

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर काकूंनी वही उघडली आणि वर्षाचा खर्च मुलांना वाचून दाखवला. मुलांनी अर्धा वाटा उचलला. काकांना ते जड गेलं. पण मुलं कोणत्या आठवड्यात येणार ते त्याच कॉलवर ठरलं आणि पूल त्याच्या चार-पाच दिवस आधी पूर्ण तयारीला लावायचा, हेही. या वयातल्या पालकांना मी हे नेहमी सांगते: मुलांकडून पैसे घेणं अपमानाचं वाटत असेल, तर निदान आकडे त्यांच्यापासून लपवू नका. लपवलेल्या आकड्यांवरून मुलं चुकीचे अंदाज बांधतात.

राहता राहिला पावसाळा. काकूंचं म्हणणं, जून ते सप्टेंबर पूल रिकामाच करून टाकावा. ऐकायला सोपं आहे, पण लोणावळ्यात मोसमात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जमिनीत पाणी तुडुंब असताना रिकाम्या पूलला खालून दाब येतो आणि तळाला तडे जाऊ शकतात, कधी कधी अख्खं टाकं उचललं जातं. भरलेल्या पूलचं वजनच त्याला धरून ठेवतं. दुसरीकडे, ३२ चौरस मीटरच्या त्या पूलवर हंगामात सव्वा लाख लिटरहून जास्त पाणी पडतं, म्हणजे पूलच्या तिप्पट. क्लोरीन वाहून जातं, ओव्हरफ्लोचा मार्ग तुंबला तर पाणी मोटरच्या खोलीत शिरतं. म्हणून पावसाळ्यात पूल भरलेला, ओव्हरफ्लो मोकळा, पंप तीन तास, क्लोरीन कमी पण नियमित, असं ठरलं. पाणी थोडं हिरवट झालं तरी चालेल हे काकांनी मान्य केलं. साचून डास होणार नाहीत एवढीच अट.

शेजाऱ्यांनी बंगला शनिवार-रविवार भाड्याने द्यायचा सल्ला दिला होता. मी नको म्हटलं नाही, पण आधी तीन गोष्टी विचारून घ्यायला सांगितल्या: वीजजोडणीचा वर्ग बदलतो का हे वीज कार्यालयात लेखी, पाहुण्यांच्या अपघाताची जबाबदारी आणि विमा, आणि पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला कोण असणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेना, तेव्हा दोघांनीच तो विचार सोडला. पूलभोवती कुलपाचं कुंपण मात्र करून घेतलं, लहान नातीसाठी.

पूल बुजवावा का, हा प्रश्न काकूंनी शेवटच्या भेटीत विचारला. काका रागावले नाहीत. दोघांनी मिळून वहीत लिहिलं: दोन वर्षं प्रत्येक वापराचा दिवस नोंदवायचा. मुलं आली नाहीत, आपलं जाणंही कमी झालं, तर तळाला निचऱ्याची भोकं पाडून, माती भरून तिथे आंब्याची दोन कलमं लावायची. तोपर्यंत वीज, टँकर, रसायनं आणि वाळू बदलण्यासाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. खातं दोघांच्या नावावर आहे, बिलाचा मेसेजही आता दोघांच्या फोनवर येतो.