सासूबाई म्हणतात, मी तिथे बसून काय करू?

प्रश्न: ताई, आम्ही डोंबिवलीचे पाच जण. मी, मिस्टर, मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा आणि सासूबाई, त्या 68 च्या. दोन वर्षं पैसे साठवतोय, ख्रिसमसच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला स्कीइंगला जायचंय. टूरवाल्यांबरोबर सात दिवसांत दहा शहरं असलं काही नकोय, एका शांत गावात आठवडाभर राहायचंय. आधी कुणीच स्की केलेलं नाही. मिस्टरांनी म्युरेन नावाच्या तिथल्या गावाचे फोटो शोधून ठेवलेत आणि सासूबाई म्हणतात मी तिथे बसून काय करू, मी आपली घरीच बरी. गाव कुठलं घेऊ, कधी जाऊ आणि तयारी काय करू?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर: तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सासूबाईंनीच विचारलाय, आणि गाव त्यावरूनच ठरवायचं असं माझं ठाम मत आहे. घरातला जो सगळ्यात हौशी त्याच्या आवडीने गाव घेतलं की तो दिवसभर वर डोंगरावर आणि बाकीचे खोलीच्या खिडकीत, हे मी ओळखीतल्या दोन-तीन घरांत बघितलंय, आणि एवढा खर्च करून असं झालं की फार वाईट वाटतं.

म्युरेन सुंदर आहे यात वादच नाही. 1,638 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम 8 मीटर खाली, कड्याच्या काठावर वसलेलं गाव आणि समोर आयगर, मोंख, युंगफ्राउ ही शिखरं. आर्नल्ड लन या ब्रिटिश स्कीप्रेमींनी 1922 मध्ये आजच्या पद्धतीची पहिली स्लॅलम शर्यत, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरायची, इथेच घेतली, 1931 मध्ये आल्पाइन म्हणजे डोंगरउतारावरच्या स्कीइंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही इथलीच. पण उतार बरेच उभे आहेत, शिकणाऱ्याला जागा कमी, आणि तुम्ही पाचही जण पहिल्यांदाच जाताय. मिस्टरांना म्हणावं दुसऱ्या खेपेला म्युरेन नक्की, आणि याही वेळी एक दिवस नुसतं बघायला जाता येईल, कारण मी जे गाव सुचवतेय ते त्याच दरीच्या पलीकडच्या अंगाला आहे.

वेंगेन. माथेरान डोळ्यासमोर आणा, गाडी दस्तुरीला सोडायची आणि पुढे पायी नाहीतर मिनी ट्रेन, तसंच इथे गाडी खाली लाउटरब्रुनेनलाच ठेवावी लागते आणि वर दातेरी रुळांवरची छोटी गाडी जाते, आपल्या नेरळ-माथेरानच्याही आधीची, 1893 पासूनची. झुरिक विमानतळावरून बर्न, इंटरलाकन, लाउटरब्रुनेन असं ट्रेन बदलत साधारण तीन-साडेतीन तासांत पोचता, मुंबईहून झुरिकला थेट विमान आहेच. उंची 1,274 मीटर, महाबळेश्वरपेक्षाही थोडी कमीच, त्यामुळे सासूबाईंना उंचीचा त्रास होईल ही काळजी नको. आणि मुख्य म्हणजे लहान मुलांचा शिकायचा उतार गावाच्या अगदी मधोमध आहे, आजी बाकावर बसून नातवाला पडताना आणि उठताना बघू शकते, कंटाळा आला की चार पावलांवर चहा. फिरायला बर्फ दाबून केलेल्या पायवाटा असतात, केबल कारने मेन्लिशेनला वर जाऊन उन्हात बसता येतं, स्की न करणाऱ्यांसाठी वेगळं तिकीट मिळतं. चालताना घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात, ते त्यांच्यासाठी पहिल्याच दिवशी घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते. गाव कमी उंचीवर म्हणजे एखाद्या वर्षी गावात बर्फ पातळ असू शकतो, मग शिकायलाही ट्रेनने वर जावं लागतं. तेवढाही धोका नको असेल तर ‘वाले’ नावाच्या प्रांतातलं बेटमेरआल्प हे गाव बघा, 1,950 मीटरवर, तिथेही गाड्या नाहीत, केबल कारनेच वर जायचं आणि गावाच्याही वरच्या डोंगरावर गेलं की आल्प्समधली सगळ्यात लांब, ‘आलेच’ नावाची हिमनदी दिसते. तरी तुमच्या घरासाठी मी वेंगेनच म्हणेन.

आता तारखा. ख्रिसमस ते न्यू इयर हा आठवडा सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचा, शांतता हवी म्हणून जाताय ना, मग तो सोडा. न्यू इयरनंतरचा पहिला पूर्ण आठवडा घ्या, युरोपातल्या शाळा बहुतेक सुरू झालेल्या असतात, भाडी उतरतात. मुलांची शाळेची चार-पाच दिवसांची रजा पडेल, ती पडू दे, वर्गशिक्षिकेला आधीच भेटून सांगा. जानेवारीच्या मध्यावर मात्र वेंगेनला जाऊ नका, तेव्हा तिथे लाउबरहॉर्न ही स्कीची मोठी शर्यत असते, 1930 पासूनची, जवळजवळ साडेचार किलोमीटरचा उतार आणि स्कीअर ताशी 160 किलोमीटरच्या पुढे जातात, बघायला थरारक पण गावात पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत तिथल्या शाळांना सुट्टी, परत गर्दी. आणि कुणी मे महिन्याच्या सुट्टीत जा म्हणालं तर ऐकू नका, या गावांतल्या स्कीच्या उतारांवर नेणाऱ्या लिफ्ट साधारण एप्रिलमध्येच बंद होतात.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, ती बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात म्हणून विमानाचं तिकीट त्या हिशोबाने काढा. पोहे, रवा, डाळ-तांदूळ, गोडा मसाला खुशाल न्या, पण तूप, पेढे, खवा, चीज यातलं काहीही नाही, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून तिथे न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नाही. लोणी तिथे सुरेख मिळतं, सासूबाईंना तिथेच कढवू दे, घरभर वास सुटेल.

स्वित्झर्लंडला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. मोठ्यांना 90 युरो, मुलीलाही तेवढेच कारण ती बाराच्या पुढे, मुलाला 45. मुलीच्या बोटांचे ठसे घेतात, मुलाचे नाही. विमा किमान 30,000 युरोचा लागतो, पण इथे नीट वाचा, आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत स्कीइंग साहसी खेळ म्हणून वगळलेलं असतं, व्हिसा मिळतो आणि पाय मोडला की एक पैसा मिळत नाही. हिवाळी खेळ आणि हेलिकॉप्टरने उचलून आणणं हे दोन्ही पॉलिसीत लिहिलेलं असल्याशिवाय पैसे भरू नका. तिथे ॲम्ब्युलन्सचा नंबर 144, हवाई बचावाचा 1414, पाचही जणांच्या फोनमध्ये टाकून ठेवा.

मिस्टर यूट्यूबवर बघून शिकतो म्हणतील, तर नाही म्हणा. पहिले किमान तीन दिवस चौघांनीही स्की स्कूल, आणि हेल्मेट घातल्याशिवाय कुणीच उतारावर नाही. उतारांना रंग असतात, निळा सोपा, लाल मधला, काळा कठीण, पहिल्या आठवड्यात निळ्याच्या बाहेर जायचं नाही.

प्रश्न: ताई, याच पानासाठी छोटा प्रश्न. स्कीचे बूट इथून विकत घेऊन जावेत का? आणि थंडीसाठी मोजे किती?
– एक वाचक, परळ

उत्तर: विकत अजिबात नको, गावातल्या दुकानात स्की, काठ्या, बूट, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं. तिथला माणूस वजन, उंची, वय विचारेल, लाजून दोन-चार किलो कमी सांगू नका, त्या आकड्यांवरून तो स्क्रू फिरवून स्कीची बुटावरची पकड ठरवतो आणि पडल्यावर स्की पायातून सुटणार की नाही ते त्यावरच असतं. मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा. मी पहिल्यांदा दोन लोकरीचे घातले होते, तासाभरात बोटं बधिर झाली कारण आवळलेल्या पायात रक्तच नीट फिरत नाही. बूट घातल्यावर सरळ उभे राहा, अंगठा पुढे टेकला पाहिजे, मग बकल लावून गुडघे पुढे वाकवा, अंगठा मागे सरकला पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये. थर्मलची पँट मोज्याच्या आत खोचू नका, नडगीवर ती घडी दिवसभर रुतते. दुकानातच दहा मिनिटं ते बूट घालून फिरा, कुठे टोचलं तर लगेच बदलून मागा, रोज येणारं गिऱ्हाईक आहे, ते बदलून देतात.