छोटं सभागृह, मोठ्या सभागृहाचे नियम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

विधिमंडळाच्या कामकाजावर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकच होता : तीस-चाळीस सदस्यांच्या सभागृहाने स्वतःचे नियम करायचे तर कसे, आणि मोठ्या सभागृहाची नियमावली जशीच्या तशी उचलली तर काय बिघडतं? निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : नवं राज्य झालं, नवी विधानसभा निवडून आली. पहिल्या दिवशी ती कोणत्या नियमांनी चालते?

स्वतःचे नियम करण्याचा अधिकार विधानसभेला संविधानाच्या अनुच्छेद २०८ ने दिला आहे. संसदेसाठी तोच अधिकार ११८ मध्ये आहे. पण नियम मंजूर करायला सभागृह भरावं लागतं आणि ते भरवायला आधी नियम लागतात. म्हणून राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात सहसा अशी सोय असते की, मूळ राज्याच्या विधानसभेचे नियम तूर्त लागू राहतील आणि त्यात लागेल तो फेरबदल अध्यक्ष करतील. तात्पुरती सोय किती लांबते बघा : राज्यसभा १९५२ मध्ये अस्तित्वात आली आणि ११८ खालचे स्वतःचे नियम तिने २ जून १९६४ रोजी मंजूर केले. ते १ जुलै १९६४ पासून लागू झाले.

क्रम असा. राज्यपालांनी नेमलेले हंगामी अध्यक्ष सदस्यांना शपथ देतात. शपथ न घेता जो कामकाजात बसेल किंवा मत देईल त्याला अनुच्छेद १९३ खाली दिवसाला ५०० रुपये दंड आहे. मग अध्यक्षांची निवड होते, अध्यक्ष नियम समिती नेमतात, समितीचा मसुदा पटलावर येतो, सदस्य दुरुस्त्या सुचवतात, सभागृह मंजुरी देतं.

लोकसभेत नियम समितीच्या शिफारशी पटलावर ठेवल्यापासून सात दिवसांत कुणी दुरुस्तीची सूचना दिली नाही तर त्या मंजूर झाल्या असं धरतात. किरकोळ बदलांना ही पद्धत ठीक आहे. पहिली अख्खी नियमावली मात्र अशी गुपचूप पार करू नये; ठराव मांडून, चर्चा करून मंजूर करावी. आणि दोन कलमं विसरू नयेत. एक, नियम कोणत्या तारखेपासून लागू. दोन, जुन्या नियमांखाली दिलेल्या सूचना, समितीकडे गेलेली विधेयकं आणि प्रलंबित हक्कभंग (सभागृहाच्या किंवा सदस्यांच्या विशेषाधिकारांचा भंग झाल्याच्या तक्रारी) यांचं काय. दुसरं कलम नसलं की अधिवेशनाच्या मध्येच नियम बदलतात आणि दाखल झालेले सगळे तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणारे) प्रश्न बाद झाले का, या वादात पहिला आठवडा जातो.

प्रश्न : लोकसभेची नियमावली समोर ठेवून मसुदा करत आहोत. नेमकं काय बदलावं लागेल?

आधी आकडे. भाषेचं नंतर पाहता येईल. लोकसभेत अविश्वास प्रस्तावाला परवानगी मिळण्यासाठी ५० सदस्य उभे राहावे लागतात, स्थगन प्रस्तावालाही (ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणाऱ्या) ५०, हक्कभंगाच्या प्रश्नाला हरकत आली तर २५. हे आकडे ५४३ च्या सभागृहाचे आहेत. गोव्यात एकूण जागा ४०. तिथे ५० चा नियम म्हणजे अविश्वास प्रस्तावावर कायमची बंदी.

म्हणून आकडा न लिहिता प्रमाण लिहावं, आणि प्रमाण लिहिताना तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात : ते एकूण जागांचं की त्या वेळी असलेल्या सदस्यांचं, अपूर्णांक आला तर वर धरायचा की खाली, आणि किमान किती. एक दशांश धरला तर ४० मध्ये चार सदस्य पुरतात. स्थगन प्रस्तावाला हे चालेल. अविश्वासाला आम्ही एक पंचमांश, म्हणजे आठ, सुचवू. नाहीतर चार जणांचा गट दर अधिवेशनात सभागृह त्याच चर्चेत अडकवून ठेवील.

दुसरी मेख समित्यांची. लोकसभेची नियम समिती १५ जणांची असते. ४० च्या सभागृहात माणसं मोजून पाहा. अनुच्छेद १६४(१क) नुसार मंत्रिमंडळ एकूण संख्येच्या १५ टक्क्यांपर्यंतच, पण किमान १२ ची मुभा आहे. सत्ताधारी २१ असतील, १२ मंत्री झाले, सभापती (म्हणजे विधानसभेचे अध्यक्ष) आणि उपसभापतीही त्यांच्यातलेच, तर मागच्या बाकांवर उरले सात. लोकलेखा, अंदाज, आश्वासन, याचिका, हक्कभंग या सगळ्या समित्यांना सत्तापक्षाकडून तेच सात जण पुरवायचे. दोन समित्यांच्या बैठका एकाच दिवशी लागल्या की गणपूर्ती (बैठकीला लागणारी किमान हजेरी) होत नाही आणि अहवाल पुढच्या अधिवेशनावर जातो. समित्या सात सदस्यांच्या ठेवा, कमी ठेवा आणि एका सदस्याने जास्तीत जास्त किती समित्यांवर असावं ते लिहून टाका. याचिका आणि आश्वासन या दोन्ही कामांना एकच समिती पुरते.

प्रश्न : गणपूर्ती कमी करण्याचा नियम करता येईल का?

नियमाने नाही. अनुच्छेद १८९(३) मध्ये गणपूर्ती दहा सदस्य किंवा एक दशांश, यांपैकी जे अधिक असेल ते, अशी आहे आणि ती बदलायची तर विधिमंडळाला कायदा करावा लागतो. महाराष्ट्र विधानसभेत २८८ चा एक दशांश म्हणजे २९. विधान परिषदेत ७८ चा एक दशांश आठही भरत नाही, म्हणून तिथे दहा. चाळीसच्या सभागृहातही दहाच, म्हणजे सरळ पाव सभागृह. मंत्रिमंडळाची बैठक दुपारच्या सत्राच्या वेळीच ठेवली की १२ जण एकदम बाहेर जातात. गणपूर्ती नसेल तर पीठासीन अधिकाऱ्याने बैठक स्थगित किंवा तहकूब केली पाहिजे, हे १८९(४) सांगतं. घंटी किती मिनिटं वाजवायची, किती वेळा वाजवायची आणि त्यानंतर काय, एवढंच नियमाच्या हातात आहे. ते मात्र लिहाच.

प्रश्न : काठावरच्या बहुमतात सभापतींचं मत नेमकं कधी मोजतात?

बरोबरी झाली तरच. पहिल्या फेरीत सभापती मत देत नाहीत. २१ विरुद्ध १९ अशा सभागृहात सत्तापक्षाचा माणूस सभापती झाला की प्रत्यक्ष मोजणी २० विरुद्ध १९. एक मंत्री दौऱ्यावर गेला तर १९-१९, आणि निर्णायक मत. आणखी एक आजारी पडला तर १८-१९ : सरकार हरलं, सभापतींना मत देण्याची वेळच आली नाही. हजर राहून मतदान न करणारे मोजणीत धरत नाहीत, कारण बहुमत ‘उपस्थित राहून मतदान करणाऱ्यां’चं असतं. सभापतींना पदावरून दूर करण्याच्या ठरावाचा हिशेब वेगळा : १४ दिवसांची पूर्वसूचना आणि त्या वेळच्या सर्व सदस्यांचं बहुमत. तिथे गैरहजेरी ही ठरावाच्या विरोधात जाते.

त्यामुळे अशा सभागृहात आवाजी मतदानावर भिस्त ठेवू नये. एका सदस्याने मागितली तरी मतविभागणी घ्यावी असा नियम असावा. चाळीस डोकी मोजायला वेळ लागत नाही.

प्रश्न : गोंधळ घालणाऱ्या सदस्याला किती काळ निलंबित करता येतं?

इथे न्यायालयाने रेघ आखून दिली आहे. महाराष्ट्र विधानसभेने ५ जुलै २०२१ रोजी १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी तो ठराव रद्द केला : निलंबन त्या अधिवेशनाच्या उरलेल्या काळापलीकडे नेता येत नाही. अनुच्छेद २१२ प्रमाणे कामकाजातल्या निव्वळ अनियमिततेची चौकशी न्यायालय करत नाही, पण बेकायदा किंवा संविधानबाह्य कृतीला ते कवच मिळत नाही. जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मतदारसंघाला प्रतिनिधीही नाही आणि पोटनिवडणूकही नाही.

लोकसभेचा नियम ३७४क पाच बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, यांपैकी जे कमी असेल तेवढं निलंबन सांगतो. छोट्या राज्यात अधिवेशनच पाच-सहा बैठकांचं असेल तर ‘पाच बैठका’ म्हणजे सगळंच. तिथे पहिल्यांदा त्या दिवसापुरतं, दुसऱ्यांदा दोन बैठका, त्यानंतर उरलेलं अधिवेशन अशी चढण ठेवावी. आमचं आणखी एक मत : विश्वास-अविश्वासाच्या मतदानाच्या दिवशी निलंबित सदस्याला मतापुरतं आत येऊ द्यावं. २१-१९ मध्ये दोघांना बाहेर काढून निकाल फिरवणं फार सोपं आहे.

प्रश्न : पक्षांतरबंदीचे नियम याच पुस्तकात घालावेत का?

नाही. ते संविधानाच्या दहाव्या अनुसूचीखाली अध्यक्ष किंवा सभापती स्वतः करतात. ते एकूण ३० दिवस सभागृहासमोर ठेवावे लागतात आणि मुदत संपल्यावर लागू होतात. हे ३० दिवस एका किंवा लागोपाठच्या अधिवेशनांतून भरतात. अधिवेशनं आठवडाभराची असतील तर मुदत भरायला वर्षही उलटू शकतं. त्याआधी सभागृहाने मंजुरी दिली तर ते तिथूनच लागू होतात, म्हणून पहिल्याच अधिवेशनात मंजुरीचा ठराव कामकाजपत्रिकेवर घ्यावा.