वेढ्यातली रँच: 'हाय चॅपरल'च्या पहिल्या भागावर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या टीव्ही वेस्टर्नवर, म्हणजे अमेरिकेतल्या गुराखी आणि बंदुकांच्या मालिकांवर, लिहिलं त्यावर बरीच पत्रं आली आणि त्यातली निम्मी 'द हाय चॅपरल'च्या पहिल्या भागाबद्दल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन कॅनन हा माणूस बायको अ‍ॅनली, मुलगा ब्लू आणि भाऊ बक यांना घेऊन 1870 च्या दशकातल्या अ‍ॅरिझोनात येतो, टूसॉन गावाजवळ रँच म्हणजे गुरं पाळायचा मोठा मळा उभा करतो आणि तिथले मूळ रहिवासी अपाची त्या रँचवर चालून येतात. एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर 10 सप्टेंबर 1967 ला दोन तासांचा एकच भाग दाखवला होता, नंतर त्याचे 'डेस्टिनेशन टूसॉन' आणि 'द अरेंजमेंट' असे दोन तुकडे झाले.

प्रश्न: अ‍ॅनलीला पहिल्याच भागात मारून टाकलं, मला खूपच धक्का बसला. जी बाई घर उभं करायला आली तीच गेली. असं का केलं असेल? (सोलापूरहून एक वाचक)

कारण त्याशिवाय वेढ्याला काही अर्थच राहिला नसता. त्या काळच्या वेस्टर्नमध्ये घर वेढलं जायचं, रात्रभर गोळीबार व्हायचा, सकाळी सगळे धडधाकट, फार तर एखाद्याच्या हाताला पट्टी. पुढच्या आठवड्यात परत तेच. इथे जोन कॉलफील्ड ही नावाजलेली अभिनेत्री घेतली, तिला छान जागा दिली, आपल्याला वाटायला लागलं की आता ही या घराची मालकीण आणि मालिका हिच्याभोवती फिरणार, आणि अपाचीच्या बाणाने ती गेली. मला हा अख्ख्या मालिकेतला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. निर्माता डेव्हिड डॉर्टॉर्ट म्हणजे 'बोनान्झा'चाच निर्माता, तिथे त्याने बायका नसलेलं घर दाखवलं होतं, बापाच्या तिन्ही बायका मालिका सुरू व्हायच्या आधीच वारलेल्या. इथे मरण आपल्या डोळ्यांसमोर येतं आणि घरातल्या प्रत्येकाला ते वेगळं लागतं. ब्लूला आई गेल्याचं दुःख तर आहेच पण वडिलांवर रागही आहे की तुम्हीच आम्हाला इथे आणलंत, आणि तो राग पुढे किती तरी भाग पुरतो. त्यापुढच्या भागाचं नावच 'द घोस्ट ऑफ चॅपरल' आहे, म्हणजे बघा.

प्रश्न: अपाची खरंच असे रँचला वेढा घालून बसायचे का? की हे सगळं टीव्हीचं? (पुण्याहून एक वाचक)

वेढा घालून दिवसेंदिवस बसणं ही त्यांची पद्धत नव्हती. चिरिकावा अपाचींच्या टोळ्या लहान, एकेक माणूस मोलाचा, त्यामुळे भिंतीआड बंदुका घेऊन बसलेल्या लोकांवर समोरून धावून जायचं आणि दहा माणसं गमवायची हे त्यांना परवडणारंच नव्हतं. त्यांच्याकडे धाड आणि युद्ध या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. धाड म्हणजे जनावरं, घोडे, धान्य उचलायचं आणि शक्यतो लढाई न होता पसार व्हायचं. युद्ध म्हणजे आपलं कुणी मारलं गेलं तर त्याच्या नातेवाइकांनी माणसं गोळा करून घेतलेला सूड. टीव्हीवर या दोन्हींचा एकच रस्सा करून टाकलाय, घोड्यांवर बसून आरडाओरडा करत घराभोवती गोल गोल फिरणं वगैरे, ते साफ खोटं.

पण घर मात्र खोटं नाही! आजच्या नोगालेस गावाजवळ पीट किचन नावाच्या माणसाची खरीखुरी रँच होती, टेकडीवर, आणि आजूबाजूचे लोक मरत होते, पळून जात होते तेव्हा हा तिथे टिकून राहिला. त्याच्याकडची डुकराची हॅम टूसॉनमध्ये विकायला जायची. जॉन बर्क हा लष्करी अधिकारी तिथे जाऊन आला होता, त्याने जे लिहून ठेवलंय ते मला कुठल्याही एपिसोडपेक्षा जास्त भिडतं. छपरावर एक पहारेकरी कायम उभा. दुसरा पाणथळ कुरणात गुरांबरोबर. खाली शेतात नांगरणारे गडी रायफल भरून, तिचा खटका चढवून, नांगराच्या मुठीला अडकवून नांगरट करतायत. घरातल्या पोरासोरांच्याही कमरेला रिव्हॉल्वर, आणि आत प्रत्येक कोपऱ्यात बंदूक टेकवलेली. म्हणजे वेढा एका रात्रीचा नव्हताच हो, तो वर्षानुवर्षांचा होता, नांगरताना, दूध काढताना, पाणी आणताना. 1871 साली किचनचा सावत्र मुलगा अपाचींच्या हल्ल्यात मारला गेला, तरी तो तिथून हलला नाही.

घर बांधलेलं असायचं अडोबीचं म्हणजे माती, वाळू आणि काड कालवून लाकडी साच्यात पाडलेल्या, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना लगेच कळेल, दोन-दोन फूट जाड भिंत, ना आग लागते ना गोळी आरपार जाते. कच्ची बाजू म्हणजे दारं, खिडक्या आणि छप्पर, कारण छपराला लाकडी तुळया आणि त्यावर सग्वारो निवडुंगाच्या वाळलेल्या काठ्या, वर माती. आणि घोडे, गुरं बाहेर कुंपणात, ती वाचवायला कुणाला तरी बाहेर पडावंच लागणार. एपिसोडमध्ये खरी धडधड तिथेच होते बघा, गोळीबारात नाही.

प्रश्न: पण मग अपाचींची बाजू कुठे आहे? ते नुसते बाहेरून येणारे शत्रूच दिसतात. (नागपूरहून एक वाचक)

अगदी बरोबर विचारलंत. मालिकेत जॉन कॅननला अपाचींशी सलोख्याने राहायचं असतं, त्यांच्याही तक्रारी ऐकवल्या जातात, त्या काळाच्या मानाने हे बरंच होतं. पण कॅमेरा भिंतीच्या आतच असतो आणि आत असलेला माणूस आपोआप आपला होतो, मूळ अडचण ही आहे.

खऱ्या इतिहासात चिरिकावा अपाचींचा नायक कोचीस आणि अमेरिकन सैन्य यांच्यात 1861 पर्यंत बऱ्यापैकी शांतता होती. मग बॅस्कम नावाच्या तरुण लेफ्टनंटने एका पळवलेल्या मुलाचा आळ घेऊन कोचीसला बोलणीच्या तंबूतच धरायचा प्रयत्न केला. तो मुलगा कोचीसच्या लोकांनी नेलाच नव्हता. कोचीस निसटला, पण त्याचे नातेवाईक सापडले, दोन्हीकडचे कैदी मारले गेले, त्यात कोचीसचा भाऊ होता, आणि पुढे अकरा वर्षं आग पेटती राहिली. 1872 मध्ये जनरल हॉवर्डने कोचीसचा गोरा मित्र टॉम जेफर्ड्स याच्या मध्यस्थीने तह केला, 1874 मध्ये कोचीस गेला.

आणि वेढे कुणाला पडले तेही सांगतो. 30 एप्रिल 1871 च्या पहाटे टूसॉनमधले अमेरिकन, मेक्सिकन आणि त्यांच्याबरोबर तोहोनो ओधाम या दुसऱ्या मूळ जमातीचे लोक कॅम्प ग्रँट या लष्करी छावणीला गेले. तिथे अराव्हायपा आणि पिनल अपाची लष्कराच्या आश्रयाला येऊन शांतपणे राहिले होते, गवत कापून लष्कराला विकत होते. शंभराहून जास्त जण झोपेत मारले, मेलेल्यांत जवळजवळ सगळ्या बायका आणि पोरंच. खटला झाला, ज्युरीने 19 मिनिटांत सगळ्यांना निर्दोष सोडलं. हाय चॅपरलमधले लोक सामान आणायला ज्या टूसॉनला जातात ना, तेच हे टूसॉन. मला ती मालिका मनापासून आवडते, पण हे माहीत असल्याशिवाय ती बघू नये असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: बायको जाऊन थोडे दिवस होतात तोच जॉन शेजारच्या मेक्सिकन जमीनदाराच्या मुलीशी लग्न करतो, हे पटलं नाही. (ठाण्याहून एक वाचक)

भावनेच्या बाजूने तुमचं म्हणणं मान्य, घाईच आहे ती. पण व्यवहार म्हणून एकदम खरं. एकट्या रँचचा निभाव लागत नाही, डॉन सेबास्तियन मोंतोयाकडे माणसं आहेत, गुरं आहेत, त्याला सीमेपलीकडे सोबती हवाय, म्हणून व्हिक्टोरिया दिली जाते आणि तिच्याबरोबर तिचा भाऊ मनोलितो येऊन राहतो. दक्षिण अ‍ॅरिझोना 1854 च्या करारापर्यंत मेक्सिकोतच होता, तिथली जुनी घराणी मेक्सिकनच, आणि टूसॉनमधले बडे अमेरिकन व्यापारी सॅम ह्यूज आणि हायरम स्टीव्हन्स या दोघांनी सांता क्रूझ घराण्यातल्या सख्ख्या बहिणींशी लग्न केलं होतं. पीट किचनची बायको रोसासुद्धा मेक्सिकनच. लिंडा क्रिस्तालने व्हिक्टोरिया अशी केलीय की सौद्यात दिलेली मुलगी हळूहळू त्या घराचा कणा होते, आणि हेन्री डॅरोचा मनोलितो तर माझा सगळ्यात लाडका, हसत हसत सगळ्यांच्या पुढे असतो.

प्रश्न: ते घर अजून आहे का? पुढच्या वर्षी मुलीकडे अमेरिकेला जातोय. (कोल्हापूरहून एक वाचक)

आहे! टूसॉनच्या बाहेर 'ओल्ड टूसॉन' म्हणून जागा आहे, 1939 मध्ये एका सिनेमासाठी तिथे सेट म्हणून अख्खं गाव उभं केलं होतं, 1995 च्या आगीत त्यातलं पुष्कळ जळालं पण हाय चॅपरलचं रँच हाऊस वाचलं. उन्हाळ्यात जाऊ नका, जून-जुलैत तिथे 40 डिग्रीच्या आसपास असतं, आणि जायच्या आधी उघडं आहे का ते बघून घ्या. नोगालेसही तिथून गाडीने तासाभरावर आहे, तर पीट किचनचा तो मुलूख बघूनच या.

प्रश्न: बंदुका बरोबर दाखवल्यात का? (नाशिकहून एक वाचक)

त्या काळच्या बऱ्याच वेस्टर्नमध्ये 1870 ची गोष्ट आणि हातात 1892 मॉडेलची विंचेस्टर रायफल असते, कारण स्टुडिओंकडे तीच ढिगाने पडलेली होती. खरं म्हणजे तेव्हा हेन्री रायफल, 1866 ची पितळी विंचेस्टर आणि नंतर 1873 ची. सैन्याकडे एकेक गोळी भरायची स्प्रिंगफील्ड. आता परत बघाल तेव्हा बंदुकीच्या बाजूची पट्टी पितळेची पिवळी आहे का काळी, तेवढं बघा.