बर्नरवर जाऊ नका, टाकी वाचा

प्रश्न : आजोळच्या माळ्यावर पितळी पंपाचा स्टोव्ह सापडला. बर्नरवर 'प्रायमस' आणि 'स्वीडन' अशी इंग्रजी अक्षरं आहेत. टाकी इतकी काळी झालीय की काही वाचता येत नाही. जुन्या बाजारातला एकजण म्हणतो, शंभर वर्षांचा आहे, आत्ता पैसे देतो. देऊन टाकू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आत्ता पैसे देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. बर्नरवरून वय ठरवायचं नसतं. तो सुटा भाग, पान्हा लावला की निघतो. 1892 साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स लिंडक्विस्टने प्रायमस काढला. पुढे पंपाचे स्टोव्ह करणाऱ्या बहुतेकांनी त्याचीच नक्कल केली आणि आटेही त्याच्याच मापाचे ठेवले. त्यामुळे एकाचा बर्नर दुसऱ्याच्या टाकीवर बिनबोभाट बसतो. बर्नर जळून गेला की दुकानात असेल तो लावायचा, ही आपल्या घरांची रीत. माझ्या वडिलांचं स्टोव्ह रिपेरीचं दुकान होतं. इंग्लिश टाकीला स्वीडनचा बर्नर, स्वीडनच्या टाकीला देशी बर्नर, असली लग्नं त्यांनी रोज लावली.

तेव्हा आधी चावी सैल करून हवा सोडा, आत जुनं रॉकेल असेल तर ओतून काढा आणि स्टोव्ह पालथा घाला. बुडाची काजळी रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू भिजवून पुसा. घासणी लावू नका, कारण आपल्याला हवं असलेलं अक्षर तिथंच ठोकलेलं असतं. प्रायमसने 1911 पासून वर्षासाठी एकेक अक्षर वापरलं: ए म्हणजे 1911, बी म्हणजे 1912, असं पुढे. मग टाकीच्या वरच्या गोलाईवर बोट फिरवा. खरा प्रायमस असेल तर तिथे मॉडेलचा नंबर आणि 'बी. ए. ह्योर्थ अँड कंपनी, स्टॉकहोम' असं कोरलेलं सापडेल. प्रायमस बनवणाऱ्या या कंपनीने 1962 मध्ये स्टोव्हचा धंदा ऑप्टिमस या दुसऱ्या कंपनीला विकला. म्हणजे ह्योर्थचं नाव असलेला स्टोव्ह निदान त्याच्या आधीचा.

टाकी कोरी निघाली, पायांजवळ डाग (म्हणजे डाग देऊन केलेला सांधा) ओबडधोबड असला, तर बहुधा देशी माल समजा. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मला स्वतःला देशी टाक्या जास्त आवडतात, आणि त्यांच्याकडे अजून फारसं कुणी बघत नाही. तो बाजारवाला पुढच्या खेपेला 'एव्हरेस्टवर गेलेलं मॉडेल' असंही सांगेल. प्रायमस मोठ्या मोहिमांवर गेले, नॉर्वेचा अमुंडसेन 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला तेव्हा त्याच्याजवळ प्रायमस होता, हे खरं आहे. पण तुमच्या आजोळच्या माळ्याशी त्याचा काय संबंध?

प्रश्न : ट्रेकिंग करणाऱ्या काकांचा 'स्वीआ 123' माझ्याकडे आलाय. पंप नाहीच! हरवला असेल का? आणि रॉकेल कुठून भरायचं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हरवलेला नाही, त्याला पंप नसतोच. आणि रॉकेल तर अजिबात घालू नका, तो पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह आहे. 1955 मध्ये बाजारात आला. टाकीच्या माथ्यावर, बर्नरच्या बुडाशी एक खळगा आहे, त्यात थोडं स्पिरिट पेटवतात. टाकी तापली की आतलं पेट्रोल स्वतःच दाब धरतं, आणि एकदा ज्योत लागली की तिच्याच उष्णतेवर पुढचं भागतं. साखळीला लटकणारी चावी आहे का, ते बघा. वरची ॲल्युमिनियमची वाटी म्हणजे झाकणही आणि पातेलंही. हे दोन्ही शाबूत असेल तर काकांना धन्यवाद द्या. नावापुढे 'आर' असेल तर निपल (वाफ बाहेर पडायचं बारीक भोक) साफ करायची सुई आतच आहे, नसेल तर बाहेरून पिन मारावी लागते. टाकीच्या झाकणात दाब वाढल्यावर उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यातलं जुनं रबर कडक झालेलं असणार, ते बदलल्याशिवाय काडी लावू नका.

प्रश्न : जुना पितळी स्टोव्ह बफिंग करून आरशासारखा चमकवून घेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. बफिंगच्या चाकाखाली कोरलेली अक्षरं बुजतात. चिंच आणि मऊ फडकं पुरे.

प्रश्न : स्टोव्ह पेटवून बघायची फार इच्छा आहे. घरचे नको म्हणतात. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : घरच्यांची भीती बिनबुडाची नाही. आपल्या वर्तमानपत्रांत 'स्टोव्हचा भडका उडून' या तीन शब्दांत किती सुना गेल्या, आणि त्यातलं सगळंच काही स्टोव्हचं पाप नव्हतं. पण बिघडलेला स्टोव्ह खरोखर घातक असतो, म्हणून आधी तपासणी करा.

टाकी रिकामी करून थोडी हवा भरा आणि बादलीतल्या पाण्यात बुडवा. टाकीच्या ज्या सांध्यातून बुडबुडे येतील तिथला डाग उखडलाय. तसं असेल तर हौस तिथेच सोडा आणि स्टोव्ह शोकेसमध्ये ठेवा. मग पंपाचा दट्ट्या बाहेर काढा. टोकाला चामड्याचा वायसर असतो, तो वाळून कडक झाला की हवा धरत नाही. दोन थेंब तेल घालून बोटाने कडा बाहेरच्या बाजूला पसरवा, मऊ होईल. हवा भरून दांडी सोडलीत आणि ती आपोआप वर आली, तर पंपाच्या नळीच्या तळाचा व्हॉल्व्ह गळतोय. त्यातला बुचाचा किंवा रबराचा छोटा तुकडा नवा घालावा लागेल.

एवढं सगळं पास झालं तर अंगणात, मोकळ्या जागी पेटवा. बर्नरखालच्या वाटीत थोडं स्पिरिट पेटवा, ते पूर्ण जळू द्या, मगच पंप मारा. बर्नर नीट तापला नसेल तर रॉकेलची वाफ होत नाही आणि पिवळी ज्योत हातभर उसळते. तसं झालं तर पंप मारत बसू नका, चावी सोडून हवा काढा. आणि रॉकेल मिळत नाही म्हणून पंपाच्या स्टोव्हात पेट्रोल किंवा थिनर कुणीही, कधीही घालू नये.