मुंबईहून बसने येणारी कोरल्स (जिवंत प्रवाळ) खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये थेट सोडली तर चालतील का?

थेट सोडू नका. टँकमध्ये क्लाउनफिश आणि श्रिंप आहेत, आणि आता झोआ, मशरूम आणि एक लेदर अशा मऊ कोरल्सचं पार्सल रात्रीच्या बसने निपाणीला येतंय, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी बहुतेक जण सगळी शक्ती तापमान जुळवण्यात घालवतात आणि कोरल ज्या प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवलंय त्या प्लगकडे बघतही नाहीत. माझं मत उलटं आहे. अर्ध्या डिग्रीच्या फरकाने कोरल सहसा मरत नाही. टँकची वाट लागते ती प्लगच्या बुडाला लपून आलेल्या पाहुण्यांमुळे.

तरी तापमानाचं आधी सांगतो, कारण सकाळी पार्सल हातात आल्यावर पहिलं काम तेच. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते, आणि बसची डिकी म्हणजे फ्रिजच. विक्रेत्याला थर्माकोलचा डबा वापरायला सांगा. घरी आल्यावर टँकचे लाइट बंद करा आणि पिशव्या न उघडता अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा. मग पिशवी उघडून रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा बघा. आपल्या टँकला १.०२५ ते १.०२६ हवा. मीठ वाचवायला काही दुकानदार पाणी हलकं ठेवतात. फरक ०.००२ च्या आत असेल तर पुढच्या कामाला लागा. जास्त असेल तर थोडं थोडं टँकचं पाणी मिसळत अर्ध्या-पाऊण तासात जुळवा. तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडत बसण्याच्या मी विरोधात आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे आतला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त घातक होतो. त्या घाण पाण्यात कोरल जितकं कमी वेळ राहील तितकं बरं. आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता, टँकमध्ये एक थेंबही नको.

आता खरं काम. हातमोजे आणि चष्मा घाला, हे गमतीने सांगत नाही. झोआ आणि विशेषतः त्यांचे जातभाई पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं. हाताला चीर असेल किंवा दाबल्यावर उडालेली चिळकांडी डोळ्यात गेली, तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं. झोआ चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका, त्या वाफेने घरातली सगळी माणसं आजारी पडल्याच्या घटना झालेल्या आहेत.

आइस्क्रीमचे दोन पांढरे डबे घ्या. पांढरेच, कारण खाली काय पडतंय ते दिसलं पाहिजे. एकात टँकचं पाणी आणि कोरल डिप (कोरलवरचे किडे पाडणारं औषध), दुसऱ्यात नुसतं टँकचं पाणी. डिपचं प्रमाण आणि वेळ बाटलीवर लिहिलीय तेवढीच. बिनसुईची मोठी सिरिंज घेऊन डिपमधल्या कोरलवर, कडांवर आणि प्लगच्या खालून जोरात पाणी मारा. थोड्या वेळात बारीक किडे, चपटे कृमी, गोगलगाई तळाला पडायला लागतात. झोआ खाणारा नुडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) मोठा लबाड. ज्या झोआवर जगतो त्याचेच रंग अंगावर आणतो, त्यामुळे मिटलेल्या पॉलिपशेजारी (झोआच्या एकेका फुलासारख्या तोंडाशेजारी) बसला तर नजर चुकते. म्हणून पॉलिप मोजण्यापेक्षा त्यांच्या देठांच्या मधल्या फटी बघा, मोबाइलच्या टॉर्चने, तिरका उजेड पाडून. तिथे किंवा प्लगच्या पाठीला पांढुरकी, वळशावळशाने चिकटलेली फीत दिसली तर ती अंडी. डिपने अंडी मरत नाहीत. ती ब्लेडने खरवडूनच काढावी लागतात. काचेसारखी, तपकिरी, लांब दांड्याची इवलीशी ॲनिमोन दिसली तर ती एप्टेशिया. ती ज्यावर चिकटलीय तो प्लगचा तुकडाच सरळ तोडून टाका. जमेल तिथे जुना प्लगच काढून फेका आणि कोरल नव्यावर चिकटवा.

कुणीतरी तुम्हाला कीटकनाशकाचा उपाय सांगेलच. परदेशातले हौशी लोक बागेच्या औषधात कोरल बुडवतात, त्यात इमिडाक्लोप्रिड असतं, आणि ते आपल्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. पण तुमच्याकडे श्रिंप आहेत. धुण्यात थोडी हयगय झाली की आधी तेच जाणार. मी त्या वाटेला जाणार नाही.

डिपनंतर दुसऱ्या डब्यात खळखळून धुवा आणि क्वारंटाइनला ठेवा. वेगळी छोटी टाकी, हीटर, छोटा वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि साधा लाइट पुरे. उरलेली अंडी फुटून बाहेर येतील म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा पुन्हा डिप करा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग प्लगवर गाठी धरून येऊ शकतो, त्यासाठी हौशी लोकांत मासे नसलेल्या टाकीत ७६ दिवस ठेवायची पद्धत आहे. तेवढा धीर नसेल तर निदान महिना काढा. वळवाच्या पावसात लाइट जाते, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

मित्र मालवणहून जिवंत प्रवाळाचा दगड आणून देतो म्हणतोय, त्याला स्पष्ट नाही म्हणा. कठीण कोरल, काळं कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. तुम्ही मागवलेले तिन्ही प्रकार त्या यादीत नाहीत, पण पुढे कधी कठीण कोरल घ्यायचा मोह झाला तर आयातीची कागदपत्रं विक्रेत्याकडे मागा. नाही म्हणाला तर विषय संपला.

मुख्य टँकमध्ये नेल्यावर आठवडाभर तळाला, कमी उजेडात ठेवा, मग हळूहळू वर सरकवा. मशरूम आणि झोआ दोन-तीन दिवस मिटून राहिले तर काळजी नको. लेदर तर आठवडाभरही रुसतं आणि अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं. त्याला मेलं समजून काढू नका. वेव्हमेकरचं तोंड थोडं त्याच्याकडे वळवा, पापुद्रा आपोआप सुटून जातो.