आवाज चोरीला गेलेलं गाव

प्रश्न : मी आणि माझा भाऊ 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही जुनी इंग्रजी मालिका बघतोय. चौथ्या सीझनमधला 'हश' हा भाग संपल्यावर भाऊ म्हणाला, "नाद खुळा!" मला मात्र ती नुसती करामत वाटली. निम्म्याहून जास्त वेळ कुणी बोलतच नाही. मग त्यात गोष्ट कुठाय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मी तुमच्या भावाच्या बाजूची आहे.

14 डिसेंबर 1999 ला दाखवलेल्या या 44 मिनिटांच्या भागात संवाद जेमतेम 17 मिनिटांचे. लेखक-दिग्दर्शक जॉस व्हेडन. त्याचं कौतुक व्हायचं ते संवादांसाठीच, आणि त्याने नेमके तेच काढून टाकले.

सुरुवात परत बघा. सगळे भरभरून बोलतात, पण मुद्द्याचं कुणीच बोलत नाही. आपण रात्री पिशाच्चं मारतो हे नायिका बफी तिला आवडणाऱ्या रायलीपासून लपवते. तो लष्कराच्या गुप्त पथकात आहे, हे तो तिला सांगत नाही. 'माझ्याबद्दल तुला काय वाटतं?' असं अन्या तिच्या प्रियकराला, बफीचा मित्र झँडरला, विचारते, तर त्याची बोबडी वळते. मग ते हसऱ्या तोंडाचे, काळ्या सुटातले 'जेंटलमेन' म्हणजे भुतं येतात आणि अख्ख्या गावाचा आवाज एका डब्यात कोंडतात. आता लपवायला शब्दच नाहीत. अन्याला काही झालं असं वाटून झँडर धावून जातो, तेव्हा तिला उत्तर मिळतं. भुतांपासून पळताना बफीची मैत्रीण विलो आणि तिची नवी ओळख झालेली तारा एकमेकींचा हात घट्ट धरतात, आणि विलोला एकटीला जादूने न हललेलं थंड पेयांचं जड मशीन दारावर जाऊन आदळतं, दार अडतं. गोष्ट ही आहे.

माझे आजोबा मूकपटांच्या काळात पडद्यासमोर बसून बाजाची पेटी वाजवायचे. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 साली 'सावकारी पाश' काढला. त्यात कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याची उदास झोपडी आणि रडणारं कुत्रं असं एक दृश्य होतं. आजोबा सांगायचे, "तिथं मी हात उचलायचो. पेटी बंद. लोकांना कुत्र्याचं रडणं ऐकू यायचं." लहानपणी मला हे पटायचं नाही. 'हश' बघताना पटलं. जेंटलमेन जमिनीपासून वीतभर वर तरंगत येतात, वसतिगृहातला मुलगा जिवाच्या आकांताने तोंड उघडतो आणि आवाज येत नाही. ती किंकाळी मला ऐकू आली.

शेवटच्या मारामारीत बफी डब्याकडे बोट दाखवते, तर रायली आधी शेजारची भलतीच बरणी फोडतो. मुकेपणाची किंमतही लेखकाने सोडलेली नाही. मग डबा फुटतो, बफीचा आवाज परत येतो आणि तिच्या किंकाळीनेच ती भुतं मरतात.

त्यानंतरचा प्रसंग तुम्ही बहुतेक घाईत बघितलात. बफी आणि रायली समोरासमोर बसलेत. आता आपल्याला बोलायला हवं, एवढं म्हणतात. पुढे कितीतरी वेळ दोघांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटत नाही.