‘मॅडमना काही येत नाही’

“मला स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आहे, मॅडम. घरी कसं सांगायचं, तेवढं सांगा.”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या ताई खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलल्या. वय एक्कावन्न, तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात चोवीस वर्षं ग्रंथपाल. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, हे लिहायला त्यांची संमती आहे.) झोप तुटत होती, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायचा. कारण विचारलं तर म्हणाल्या, “आता सगळं ऑनलाइन झालंय. पन्नाशीनंतर मी काय शिकणार?”

हा प्रश्न माझ्याकडे शिक्षक आणतात, बँकेतली माणसं आणतात, परिचारिका आणतात. बहुतेकांना वाटतं, अडचण वयाची आहे. माझा अनुभव वेगळा आहे. आपल्याला येत नाही हे चारचौघांत दिसेल, ही भीती माणसाला जास्त अडवते. ताईंचंही तेच होतं, पण ते कळायला मला तीन भेटी लागल्या.

त्यांच्या पिशवीत एक प्लॅस्टिकची फाइल होती. २०२०च्या लॉकडाउनमध्ये वेबिनार आणि प्रश्नमंजूषांचा पूर आला होता, त्यातली एक्केचाळीस ई-प्रमाणपत्रं त्यांनी रंगीत छापून ठेवली होती. “यातलं एकही मला वापरता येत नाही,” म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं.

इथे माझी चूक झाली. मी त्यांना ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा एक अभ्यासक्रम सुचवला. त्यांनी नोंदणी केली, दोन व्हिडिओ पाहिले आणि पुढच्या भेटीला आधीपेक्षा खचून आल्या. ज्या माणसाकडे एक्केचाळीस प्रमाणपत्रं पडून आहेत, त्याला मी बेचाळिसावं देऊ पाहत होते.

तिसऱ्या भेटीत एक प्रसंग बाहेर आला. एम. ए. मराठीची एक मुलगी काउंटरवर आली होती. तिला ग्रामीण कादंबरीवरचे प्रबंध ‘शोधगंगा’वर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, बघायचे होते. ताईंनी तिला सांगितलं, “दुपारी सर येतील तेव्हा ये.” सर म्हणजे कंत्राटी सहायक, सव्वीस वर्षांचा मुलगा. जाता जाता ती मैत्रिणीला म्हणाली, “मॅडमना काही येत नाही.” ते ताईंनी ऐकलं.

मी विचारलं, “त्या मुलीला नेमकं काय हवं होतं?”

त्यावर ताई दहा मिनिटं बोलल्या. तिचा विषय फार पसरट आहे, तो एका दशकापुरता धरायला हवा. कुठल्या कपाटात समीक्षेची पुस्तकं आहेत, कोणत्या नियतकालिकाचे जुने अंक बांधून ठेवलेत, कुठला संदर्भ तिला आधी वाचायला हवा. बोलताना त्यांचा आवाजच बदलला होता. वाचकाच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न ओळखणं हा ग्रंथपालाच्या कामाचा गाभा, आणि तो त्यांच्याकडे शाबूत होता. फक्त त्यातला एक शब्दही त्या मुलीपर्यंत पोहोचला नव्हता.

मग आम्ही वही सुरू केली. शंभर पानी, साधी. रोज घरी जाण्याआधी काउंटरवरचा एकच प्रसंग आणि तीन प्रश्न: काय घडलं? त्याचा अर्थ काय? आता काय करणार? ही पद्धत माझी नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेरी बोर्टन यांनी १९७०मध्ये हे तीन प्रश्न मांडले. पुढे १९८३मध्ये डोनाल्ड शॉन यांनी दाखवून दिलं की मुरलेला व्यावसायिक काम करतानाही विचार करतो आणि काम झाल्यावरही. दुसऱ्या प्रकारच्या विचाराला मात्र मुद्दाम जागा करून द्यावी लागते.

पहिल्या आठवड्यातल्या नोंदी वाचून मी थांबले. ‘आज परत जमलं नाही.’ ‘माझ्यामुळे मुलांचं नुकसान होतं.’ याला चिंतन म्हणत नाहीत. हे तेच ते उगाळणं आहे, आणि अशा वहीने झोप आणखी उडते. स्वतःचं स्वतः लिहिणाऱ्यांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा. उगाळणारं मन विचारतं, ‘मी अशी का?’ चिंतन विचारतं, ‘सव्वाबारा वाजता नेमकं काय झालं?’ म्हणून आम्ही नियम केला: पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात भिंतीवरच्या कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं.

पुढची नोंद अशी होती: ‘१२.१५. तीच मुलगी पुन्हा आली. शोधगंगेवर विषय देवनागरीत टाइप केला. दोनच प्रबंध आले. मी खुर्ची सरकवून उठले.’ दुसऱ्या प्रश्नाखाली: ‘ती स्क्रीनकडे बघत होती म्हणून उठले.’ तिसऱ्याखाली: ‘उद्या कोणी नसताना इंग्रजी अक्षरांत टाकून बघणार.’

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, वाचनालय उघडायच्या आधी, त्यांनी तेच शब्द रोमन लिपीत टाकले आणि यादी लांबली. एकाच विषयाचे प्रबंध कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये नोंदवलेले होते. स्पेलिंगही एकसारखं नव्हतं. शिवाय प्रबंध एका फाइलमध्ये नसतो, प्रकरणागणिक पीडीएफ वेगळी असते, हेही तेव्हाच कळलं.

त्या भेटीला ताई जवळजवळ धावतच आल्या. “मॅडम, हे तर आपलं ‘पाहा’ कार्ड!”

मला काही उमगेना, तेव्हा त्यांनी समजावलं. पुस्तकांच्या नोंदी कार्डांवर ठेवायच्या, त्या कार्ड-तालिकेच्या काळात एकाच लेखकाचं नाव दोन-तीन प्रकारे शोधलं जायचं. म्हणून टोपणनावाखाली एक कार्ड घालायचं आणि त्यावर लिहायचं, अमुक नाव पाहा. वाचक कोणत्याही दाराने आला तरी त्याला पुस्तकापर्यंत न्यायचं. अशी शेकडो कार्डं त्यांनी हाताने लिहिली होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी एक चिठ्ठी तयार करून काउंटरवर चिकटवली: शोधगंगेवर मराठी विषय कोणकोणत्या प्रकारे लिहून बघावा. ती एम. ए.ची मुलगी ती चिठ्ठी घेऊन त्यांच्या शेजारी बसली.

त्यानंतर साधनं एकेक करून आली, पण दर वेळी काउंटरवरच्या प्रश्नामागून. सहायकाकडून ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली शिकताना ताईंनी अट घातली: माऊसला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचं. तो सुरुवातीला वैतागला. पण आपण बोट दाखवलं आणि त्याने चटकन करून दिलं, यात ताईंची तीन वर्षं गेली होती. महिनाभरात वर्षभर एकदाही कपाटाबाहेर न गेलेल्या पुस्तकांचा अहवाल त्यांनी स्वतः काढला. त्यात ललित निबंधांचा एक अख्खा खण होता, तो त्यांनी दाराजवळ हलवला.

याच सुमारास मी त्यांना हेलेन ब्लोअर्स यांच्याविषयी सांगितलं. २००६मध्ये अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोट्या ऑनलाइन कामांचा उपक्रम आखला. ज्याने त्याने आपल्या गतीने करायचं आणि अनुभव स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचा, हवं तर टोपणनावाने. तो नमुना पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी घेतला. ताईंना त्यातलं टोपणनाव फार आवडलं. “म्हणजे त्यांनाही लाज वाटत होती,” एवढंच म्हणाल्या आणि बराच वेळ गप्प बसल्या.

झोप दीड महिन्यात सावरली. ती सावरली नसती तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणारच होते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वहीवर विसंबून राहू नका, डॉक्टरांना भेटा.

वहीने न सुटणाऱ्या गोष्टीही होत्या. रिकामी पदं भरलेली नाहीत, सहायकाचं कंत्राट दर वर्षी लोंबकळतं, आणि दिवसभर काउंटर सांभाळणाऱ्या बाईला शिकायला वेळ मिळतच नाही. हा दोष तिचा नव्हे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. चौथ्या महिन्यात त्यांनी प्राचार्यांना अर्ज दिला. सोबत वहीतून काढलेली यादी जोडली: वाचकांनी विचारलेले सत्तावीस प्रश्न, त्यांतले अकरा वेळेअभावी अर्धवट राहिलेले. शनिवारी अकरा ते बारा काउंटरपासून मोकळीक मिळाली.

त्या तासात सध्या त्या मराठी विकिस्रोत शिकताहेत; स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं तिथे सगळ्यांना वाचायला ऑनलाइन ठेवतात. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं उलटली की त्याच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो, आणि अशी काही जुनी, चुरा होऊ लागलेली पुस्तकं कॉलेजच्या कपाटात आहेत. पहिलं पान मुद्रितशोधन करून चढवायला त्यांना तीन शनिवार लागले. तशी नोंद वहीत आहे, आणि तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलंय: ‘पुढचं पान.’